‘गादी सरकलीय, आता जन्मभर वाकायचं नाही ना?’
कंबरदुखीचा रिपोर्ट घेऊन येणारे बरेच जण हे विचारतात. चाळिशीतल्या एका बाईंनी विचारलं, तेव्हा त्यांनी कित्येक महिने जमिनीवरची वस्तू उचललेली नव्हती. कमरेला सतत पट्टा, आणि रात्री कूस बदलतानाही श्वास रोखून धरायच्या. रिपोर्टात लिहिलं होतं ‘डिस्क बल्ज’. डॉक्टरांनी हालचाल सुरू करायला सांगितलं होतं, पण हे दोन शब्द मनातून जात नव्हते.

आधी मी विचारलं: पायातला जोर कमी झालाय? बसायच्या जागी बधिरपणा? लघवी-शौचावरचा ताबा सुटलाय? असं काही असतं तर थेट रुग्णालयात पाठवलं असतं. नव्हतं.

मग चित्र काढून दाखवलं. आपण जिला गादी म्हणतो ती डिस्क म्हणजे दोन मणक्यांमधली चकती. कण्यात अशा २३ चकत्या असतात. बाहेर चिवट तंतूंचे थर, आत पाणीदार गर. चकती वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट जोडलेली असते, ती निसटून बाहेर येत नाही. बल्ज म्हणजे तिची कड थोडी फुगलेली. २०१५ साली, पाठ अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या स्कॅनचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात चाळिशीतल्या सुमारे निम्म्या लोकांमध्ये असा बल्ज होता.

“म्हणजे माझं दुखणं खोटं?” त्यांचे डोळे भरले.

अजिबात नाही. दुखणं खरंच असतं. ते चकतीतून येऊ शकतं, तसंच स्नायूंतून किंवा सांध्यांतून. बहुतेकदा नेमकं एक ठिकाण दाखवता येत नाही. त्यात भीतीने अंग आखडतं, मज्जासंस्था जास्त सावध होते आणि तेवढ्याच हालचालीने जास्त दुखतं. शिवाय मोठेपणी चकतीला रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. शेजारच्या मणक्यांतून झिरपणाऱ्या द्रवावर तिचं पोषण चालतं, आणि दाब पडून सुटण्याने द्रवाची ये-जा होते. म्हणून इतकी जपणूक मला काळजीची वाटते.

आम्ही भीतीच्या हालचालींची यादी केली, सोपी आधी. प्रत्येक वेळी त्या लिहायच्या: काय होईल असं वाटतंय, आणि प्रत्यक्षात काय झालं. पहिल्यांदा मोजे घालताना “कळ येऊन अडकून पडेन” असं लिहिलं होतं. थोडं दुखलं, मग थांबलं.

परवा त्यांनी कपाटाचा खालचा कप्पा आवरला. संध्याकाळी कंबर भरून आली, तरी सकाळी चालायला गेल्या. यादीत पुढे भरलेली बादली आहे. ती फिजिओथेरपिस्टसमोर उचलायचं ठरलंय.