पार्लरमध्ये वॅक्सिंगच्या आधी संमतिपत्रावर सही केली आणि नंतर त्वचा सोलली गेली, तर जबाबदारी कोणाची?

सही घेतली म्हणून पार्लर निष्काळजीपणाच्या जबाबदारीतून सुटत नाही, आणि जे पार्लर तुम्हाला तसे सांगते तेथे पुन्हा जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुम्ही लिहिले आहे की, तुमच्यापुढे इंग्रजीतला कागद ठेवला, सहीची जागा दाखवली आणि लगेच काम सुरू केले. ती संमती नव्हे. मी कर्वेनगरला बऱ्याच वर्षांपासून पार्लर चालवते आणि याच मुद्द्यावरून माझी जुनी भागीदारी मोडली, म्हणून सविस्तर लिहिते.

ऐन लग्नसराईत एक मुलगी मावशीबरोबर पूर्ण चेहऱ्याच्या वॅक्सिंगसाठी आली होती. हळद अगदी तोंडावर आली होती. काही औषध चालू आहे का, असे विचारल्यावर दोघी ‘नाही’ म्हणाल्या. बहुतेक जणी नाहीच म्हणतात, कारण मुरुमांच्या गोळ्या आणि रात्री लावायची ट्यूब यांना कोणी औषध समजत नाही. त्यामुळे मी नेहमी पुढे विचारते, की त्वचेच्या डॉक्टरांकडे अलीकडे गेला होतात का, रात्री चेहऱ्याला काय लावता, चिठ्ठी मोबाइलमध्ये आहे का. चिठ्ठी निघाली आणि तीत मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या होत्या. या गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावरही निदान 6 महिने वॅक्सिंग टाळायचे असते, कारण त्या काळात त्वचा इतकी नाजूक होते की पट्टी ओढताना केसांबरोबर वरचा थरही निघून येऊ शकतो, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर अशा जखमेचा काळा डाग कित्येक महिने राहू शकतो.

मी नकार दिला. मावशी संतापून म्हणाल्या, “अहो, आम्ही सही करून देतो, मग तर झालं?” माझ्या भागीदार बाईंनी लगेच फॉर्म पुढे केला. मी तो परत खणात ठेवला आणि त्या दोघी निघून गेल्या. पुढे त्या मुलीचे काय झाले ते मला कळले नाही. बाई आजही म्हणतात की काहीही झाले नसणार आणि मी हातचे गिऱ्हाईक घालवले. झाले नसेलही, परंतु धोका दिसत असताना तो गिऱ्हाइकाच्या सहीवर ढकलून काम करणे हा धंदा मला मान्य नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात सांगितले की, उपचाराचे स्वरूप, त्यातले मोठे धोके आणि दुसरे पर्याय रुग्णाला समजावून सांगितल्याशिवाय घेतलेली संमती खरी ठरत नाही. तो निकाल डॉक्टरांविषयी आहे, पार्लरविषयी नाही, हे बाईंनी मला अनेकदा ऐकवले. माझे म्हणणे असे की, रोज गरम वॅक्स माणसाच्या कातडीला लावणाऱ्यांनी हा नियम स्वतःहून पाळावा. आमचा फॉर्म मराठीत आहे, तो मी स्वतः वाचून दाखवते, मधुमेह आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांविषयी वेगळे विचारते, आणि 18 वर्षांखालील मुलीची आई किंवा वडील समोर असल्याशिवाय कामाला हात लावत नाही.

तुमच्या बाबतीत आजच जखमेचे फोटो काढा, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून त्यांच्याकडून लेखी घ्या आणि पार्लरचे बिल जपून ठेवा. पैसे देऊन घेतलेली सेवा असल्याने 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते. मात्र तुम्हाला नीट विचारलेले असताना तुम्ही औषध लपवले असेल, तर तुमची बाजू कमकुवत होईल. मी वकील नाही, त्यामुळे तक्रारीचा मसुदा जाणकाराकडून तपासून घ्या. हे सारे मी वॅक्सिंगपुरते लिहिले आहे. लेझरमध्ये सावळी त्वचा भाजण्याचा धोका निराळा असतो, तेथे यंत्र कोणते आहे हे विचारल्याशिवाय आणि आधी त्वचेच्या लहानशा भागावर चाचणी (पॅच टेस्ट) करून घेतल्याशिवाय सही करू नका.