पन्नास हजारांत थोडंफार गेमिंग होईल असा लॅपटॉप कोणता? मुंबईचे काका म्हणतात आय सेव्हनच घे

तुमच्या प्रश्नातलं काकांचं वाक्य वाचलं आणि माझ्या झेरॉक्स आणि दुरुस्तीच्या दुकानात समोर बसलेल्या बागायतदाराचा फळपीक विम्याचा फॉर्म तसाच अर्धा ठेवून लिहायला बसलो. देवगडात राहता, कॉलेज सुरू होतंय, रात्री तासभर व्हॅलोरंट नाहीतर जीटीए फाइव्ह खेळायचंय, खिशात पन्नास हजार आहेत, आणि काका म्हणतात आय सेव्हन (इंटेल कंपनीचा वरचा प्रोसेसर) सोडून दुसरं काही घेतलंस तर पस्तावशील. असं एक पात्र आमच्याही घरात आहे. नात्याने चुलत भाऊ, वयाने मोठा म्हणून दादा. डोंबिवलीला असतो, गणपतीला न चुकता येतो, आणि आल्यावर पहिला दिवस घरातल्या प्रत्येक वस्तूत खोट काढण्यात घालवतो.

काकांना हो हो म्हणा आणि आय सेव्हनच्या मागे लागू नका.

पन्नास हजारांत आय सेव्हन मिळतोय म्हणजे दुसरीकडे कुठेतरी कात्री लागलेली असते. एकतर दोन-तीन पिढ्या जुना माल, नाहीतर ८ जीबी रॅम, नाहीतर असा अंधारा स्क्रीन की खिडकीकडे पाठ करून बसलात तर गेमपेक्षा तुमचंच तोंड जास्त दिसेल. गेमला लागतं ग्राफिक्स. वेगळं कार्ड नसेल तेव्हा ते प्रोसेसरच्या पोटातच असतं, त्याला स्वतःची मेमरी नसते आणि ते तुमच्या रॅममधलाच वाटा उचलतं. त्यामुळे रॅम किती हे तर बघायचंच, पण ती एका स्टिकवर (रॅमच्या सुट्या पट्टीवर) आहे की दोन, हे आधी बघायचं. हे कुठलाही काका सांगत नाही.

२०२२च्या गणपतीत आचऱ्याकडच्या आमच्या मूळ घरी याच गोष्टीवरून जुंपली होती. दादाने नवा लॅपटॉप आणलेला. आय सेव्हन ११६५जी७, पातळ, चंदेरी, धातूची बॉडी, किंमत पंच्याहत्तर हजारांच्या पुढे. किंमत त्याने विचारायच्या आधीच सांगितली. माझा एएमडी कंपनीचा रायझन फाइव्ह ५५००यू, काळं प्लास्टिक, त्रेचाळीस हजारांचा, त्यात आणल्या आणल्या मी ८ जीबीची दुसरी स्टिक लावलेली. पोरांनी खरं तर माटवी (गणपतीच्या डोक्यावरची चौकट) बांधायला कवंडळं आणि शेरवडं ही रानफळं-रानपानं नेऊन द्यायची होती, पण सगळी पडवीत आमच्याभोवती गोळा झाली.

"बघ हां आता," दादा म्हणाला, "आय सेव्हन काय असता ता."

जीटीए सुरू झाली. पहिला सीन बरा गेला. शहरात गाडी घातली आणि वळण घेतलं की चित्र थांबायचं, मग एकदम उडी मारून पुढे जायचं, तोवर गाडी कुंपणात. कोपऱ्यातला फ्रेमचा आकडा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात तो, विशीत घुटमळत होता. तीच गेम, तीच सेटिंग माझ्याकडे लावली तर चाळिशीच्या वर. फार थोर नाही, पण खेळता येतं. पोरं खरं बोलतात. सात वर्षांच्या पुतण्याने जाहीर केलं, "काकानू, तुमचो अडाकता. ह्यांचो अडकणा नाय."

दादाचं म्हणणं, अपडेट होत असतला. मग म्हणाला लाइट कमी येता. मग म्हणाला तुझ्या गेमची कॉपीच खराब. मी कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये गेलो आणि त्याला फक्त दोन ओळी दाखवल्या. मेमरीच्या पानावर लिहिलेलं, दोनपैकी एकच स्लॉट वापरात. ग्राफिक्सच्या पानावर नाव होतं इंटेल यूएचडी. जाहिरातीत मात्र आयरिस एक्सई छापलेलं. यात फसवणूक कुणी केली नव्हती. आयरिस एक्सई हे नाव आणि त्याचा जोर रॅम दोन चॅनेलने, म्हणजे एकदम दोन वाटांनी, चालत असेल तरच मिळतो, असं इंटेलच सांगतं. एकच स्टिक असली की तीच चिप यूएचडी म्हणून दिसते आणि तशीच चालते. कोकण रेल्वेसारखं आहे ते. इंजिन कितीही दमाचं लावा, रूळ एकच असेल तर क्रॉसिंगला गाडी उभीच राहणार.

मी म्हटलं दादा, दीड-दोन हजारांची स्टिक आहे, कणकवलीत मिळेल, दुकानात सगळे स्क्रू ड्रायव्हर आहेत, उद्या लावून देतो. यावर त्याने जे उत्तर दिलं ते मी अजून विसरलेलो नाही. "कंपनीवाले येडे आसत? तेंका कळणा नाय आणि झेरॉक्सवाल्याक तुका कळता?"

मी पुढे काही बोलणार इतक्यात लाइट गेली. दोन्ही लॅपटॉप बॅटरीवर आले, माझाही मंदावला आणि दादाला आयतं कोलीत मिळालं. "बघ! तुझो पण अडाकलो." आतून आवाज आला, आरतीक चला. निकाल तिथेच लटकला आणि दर वर्षी मोदकांच्या पंगतीत तो विषय नव्याने वाढला जातो. स्टिक त्याने अजून लावलेली नाही.

लाइट गेल्यावर माझा मंदावला ते बरोबरच होतं. बॅटरीवर कुठलाही लॅपटॉप वीज जपून वापरतो, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेले तर सगळ्यात जास्त मान टाकतात. त्यामुळे "लाइट गेली तरी चार तास चालतो" हे जे दुकानात सांगतात ते वर्डमध्ये टाइप करण्याबद्दल असतं. आपल्याकडे गेमिंग करायचं म्हणजे इन्व्हर्टरचा हिशेब आधी. साध्या लॅपटॉपचा अडॅप्टर ६५ वॉटच्या आसपासचा, तो घरच्या इन्व्हर्टरवर पंख्याबरोबर सुखाने चालतो. आरटीएक्स ३०५० हे वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्यांचे अडॅप्टर दीडशे वॉटच्या घरातले. तो लावलात की आई विचारणार, आज इन्व्हर्टर लवकर का बसला.

आता काय घ्यायचं. मॉडेलचं नाव देत नाही, कारण ती दर सहा महिन्यांनी बदलतात आणि माझं उत्तर शिळं होतं. प्रोसेसर बघा. रायझनमध्ये एक सापळा आहे: ७५२०यू आणि ७५३०यू, दोघांवरही रायझन फाइव्हच लिहिलेलं. तिसरा आकडा बघायचा. २ असेल तर जुनं झेन टू (प्रोसेसरची आधीची रचना), चारच कोअर, ग्राफिक्सची दोनच युनिटं, आणि रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे जन्मात बदलता येणार नाही. ३ असेल तर झेन थ्री, सहा कोअर, ग्राफिक्सची सात युनिटं. दोघांच्या किमतीत फरक थोडा, खेळताना फरक भलताच. ७५३५एचएस बजेटमध्ये बसला तर आणखी चांगला, त्याचं ग्राफिक्स नव्या जातीचं आहे.

इंटेलमध्ये आय फाइव्ह १२३५यू आणि १२४५०एच दोन्ही दिसतील. १२४५०एच वाचायला दणकट वाटतो, प्रोसेसर म्हणून आहेही, पण त्याच्या ग्राफिक्सची युनिटं ४८ आणि १२३५यूची ८०. वेगळं कार्ड जोडीला असेल तरच १२४५०एच घ्या. नुसता घेऊन गेम खेळायला बसलात तर दादासारखं लाइटला दोष देत बसाल.

पन्नासात वेगळं कार्ड मिळालंच तर बहुधा आरटीएक्स २०५० किंवा जुना जीटीएक्स १६५०, दोन्ही ४ जीबीचे. तुमच्या दोन्ही गेमना पुरून उरतात. पण त्यासाठी स्क्रीन, बॅटरी, बॉडी सगळ्यावर पाणी सोडावं लागतं आणि वजन दोन किलोच्या पुढे जातं. रोज एसटीने कॉलेजला नेणार असाल तर विचार करा. व्हॅलोरंटला याची गरजही नाही. त्याची किमान अट इंटेल एचडी ४००० आहे, म्हणजे २०१२च्या आसपासची चिप. व्हॅलोरंटसाठी पंचाहत्तर हजार घालणाऱ्याला मी दुकानात चहा पाजून परत पाठवतो.

सेकंड हँड ऑफिसचे लॅपटॉप स्वस्त दिसतात, मजबूतही असतात. पण इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचाच घ्या. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आठव्या पिढीहून जुन्यावर विंडोज ११ रीतसर बसत नाही, आणि विंडोज ११वर व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या लॅपटॉपमधल्या सुरक्षेच्या सोयींशिवाय सुरूच होत नाही.

मुंबईतून सल्ला देणाऱ्यांना आपली हवा माहीत नसते. दुकानात जे लॅपटॉप येतात त्यातले अर्धे गेममुळे बिघडलेले नसतातच. समुद्राकाठच्या घरातला लॅपटॉप उघडला की कळतं: यूएसबीच्या तोंडाशी हिरवट थर, बिजागरीचा स्क्रू गंजून डोकं गेलेला, पंख्याच्या पात्यांवर धूळ आणि ओल मिळून झालेला चिखल. महागडी बॉडी यातून वाचवत नाही. पावसाळ्यात लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवू नका, रोज थोडा वेळ चालू करा. आतली ऊब ओल धरू देत नाही.

धातूच्या बॉडीचा घेणार असाल तर आधी घरातलं अर्थिंग तपासून घ्या. जांभ्यात उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की बऱ्याच जुन्या घरांचं अर्थिंग नावापुरतंच उरतं. चार्जिंगला लावून मनगट टेकवलं की झिणझिण्या येतात, लोक म्हणतात लॅपटॉप शॉक मारतो. प्लास्टिकवर ते जाणवत नाही इतकंच, अर्थिंग दोन्हीला हवंच. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की प्लग काढाच, शिवाय राउटरकडून येणारी लॅनची वायरही काढा. प्लग काढून निर्धास्त बसलेल्यांचे बोर्ड त्या वायरीने जळालेले पाहिलेत. तौक्ते वादळाच्या वेळी, मे २०२१मध्ये, आमच्याकडे लाइट दिवसच्या दिवस नव्हती, आणि आली तेव्हा कमी-जास्त होत आली. त्या आठवड्यात दुकानात अडॅप्टरच अडॅप्टर.

जीटीए फाइव्ह १०० जीबीच्या पुढे गेलीय. २५६ जीबीचा लॅपटॉप बघूही नका, ५१२ची एसएसडी हवीच. आणि ती गेम मोबाइलच्या डेटावर रोज दोन-दोन जीबी करत उतरवायला बसलात तर कॉलेजची पहिली सेमिस्टर संपेल. इथे मात्र चाकरमान्यांचा खरा उपयोग आहे. स्टीम या गेम विकणाऱ्या ॲपवर गेमचा बॅकअप हार्ड डिस्कवर काढता येतो. काकांना सांगा, मुंबईच्या फायबरवर उतरवून गणपतीला डिस्क घेऊन या. तुमच्या खात्यात गेम विकत घेतलेली असली म्हणजे झालं, इथे फक्त वरचे अपडेट उतरतात. व्हॅलोरंट ऑनलाइनच, त्याला तुमच्या वाडीत पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) किती येतो ते लॅपटॉप घ्यायच्या आधी मित्राच्या लॅपटॉपवर तपासा. डोंगराआड रेंज नसेल तर कुठलाही प्रोसेसर तुम्हाला वाचवणार नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. दादाच्या लॅपटॉपमध्ये दुसरी स्टिक असती तर तो माझ्या बरोबरीने, बहुतेक थोडा पुढेच चालला असता. ११६५जी७चं ग्राफिक्स मुळात वाईट नाही, इंटेलची त्या पिढीतली मोठी चिप आहे ती. म्हणजे रायझन चांगला आणि इंटेल वाईट असं मी म्हणत नाहीये. हे दादाला मी सांगितलेलं नाही. स्टिक लाव म्हणून सांगितलं होतं, ते त्याने ऐकलं नाही, पुढचं त्याचं तो बघेल.

आणि वर मी दीड-दोन हजारांची स्टिक म्हटलं तो भाव तेव्हाचा. २०२५च्या शेवटाकडे रॅमचे भाव भडकलेत, त्यामुळे "८ जीबीचा घेऊ, नंतर वाढवू" हा आमचा जुना सल्ला आता तितका स्वस्तात पडत नाही. १६ जीबी आधीच असलेला, आणि ती दोन स्टिकमध्ये असलेला, दोन-तीन हजार जास्त देऊन मिळत असेल तर सरळ घ्या. सोल्डर केलेल्या रॅममध्ये स्लॉट मोजून उपयोग नसतो, ती एकाच जागी असूनही दोन चॅनेलने चालू शकते. तेव्हा दुकानात डेमो पीसवर टास्क मॅनेजर उघडून ग्राफिक्सचं नाव बघा, आणि सीपीयू-झेड नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकून चॅनेलची ओळ वाचा. ऑनलाइन मागवणार असाल तर हे पहिल्याच दिवशी, परत पाठवायची मुदत चालू असताना करायचं. आणि ऑनसाइट वॉरंटी लिहिलेली असली तरी तुमचा पिनकोड टाकून विचारा. नाहीतर लॅपटॉप बिघडला की तो घेऊन कोल्हापूर नाहीतर पणजी गाठायची तयारी ठेवा.