पर्जन्यमापक बसवताना जागा आधी, भांडं नंतर

पाऊस मोजायला सुरुवात करताय, तर भांड्यापेक्षा जागेचा विचार आधी करा. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर मापक ठेवा. काठ जमिनीपासून साधारण 30 सेंटिमीटर वर हवा, नाहीतर फरशीवरून उडालेले शिंतोडे आत जातात आणि आकडा फुगतो. गच्चीच्या कठड्याजवळ उलट होतं: वाऱ्यामुळे थेंब भांड्यावरून निघून जातात.

फनेल लावलं असेल तर बाटलीवर पट्टी लावून उंची मोजू नका. नवख्यांची हमखास चूक इथेच होते! जमलेले मिलिलिटर भागिले फनेलच्या तोंडाचं क्षेत्रफळ (चौरस सेंटिमीटरमध्ये), गुणिले 10, म्हणजे मिलिमीटर. तोंडाचा व्यास 20 सेंटिमीटर असेल आणि 314 मिलिलिटर पाणी जमलं, तर पाऊस 10 मिलिमीटर.

वाचन रोज एकाच वेळी घ्या. पाण्याचा पृष्ठभाग कडेला किंचित वर चढतो. मधली खोलगट पातळी डोळ्यासमोर धरून वाचा. कोरड्या दिवशीही 0 लिहा, कारण रिकामी जागा म्हणजे ‘मोजलंच नाही’.

जोराच्या सरीत शक्य असेल तर दर 15 मिनिटांनी नोंद करा. दिवसभरात पडलेले 60 मिलिमीटर जमिनीत बरेचसे मुरतात. तेच तासाभरात पडले तर ओढे फुगतात.