वाचकांचे प्रश्न : जुन्या टेंट ट्रेलरची पुनर्बांधणी

प्रश्न : सर्वेक्षणाच्या कामावर वापरलेला एक जुना टेंट ट्रेलर मला लिलावात मिळाला आहे. झाकण उघडले की दोन्ही बाजूंना पलंग बाहेर सरकतात आणि त्यांवर कॅनव्हासचा तंबू उभा राहतो. चेसिसला गंज आहे, चाके लहान आहेत आणि तंबू जागोजागी विरला आहे. कापसाची वेचणी आटोपल्यावर घरच्या चौघांना घेऊन पैनगंगेच्या काठी, पांदण रस्त्याने जाऊन राहावे, अशी इच्छा आहे. ओढायला बोलेरो आहे. गावातील वेल्डर मोठी चाके लावून ट्रेलर फूटभर उचलून देतो म्हणतो. सुरुवात कुठून करावी?
— एक शेतकरी वाचक, घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : वेल्डरला तूर्त थांबवावे. फाटका तंबू आधी नजरेत भरतो, म्हणून बहुतेक जण तंबूपासून सुरुवात करतात आणि हाताशी असलेला पैसा तिथेच संपवतात. प्रत्यक्षात हे काम खालून वर करायचे असते. पेटी चेसिसवरून उतरवून घ्यावी आणि लहान हातोडीने प्रत्येक लोखंडी पट्टी वीतभर अंतराने ठोकत जावे. शाबूत लोखंड खणखणीत वाजते. आतून गंजलेले बद्द आवाज करते आणि हातोडीखाली पापुद्रे सुटतात. चौकोनी पाइप बाहेरून चांगले दिसले तरी आत साचलेल्या पाण्याने पोखरलेले असतात, त्यामुळे त्यांच्या तळाकडच्या बाजूला विशेष लक्ष द्यावे. पाट्यांचे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांचे, हँगर जिथे चेसिसला जोडलेले असतात, तिथे बारीक तडे जातात. ते शोधण्यासाठी जागा घासून स्वच्छ करावी, डिझेल लावावे, कोरडे पुसून घ्यावे आणि वर खडूची भुकटी चोळावी. तडा असेल तर आत मुरलेले डिझेल थोड्या वेळाने खडूवर काळपट रेघ उमटवते. शेवटी चेसिसचे दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. त्यांत फरक आला तर चेसिस कधीतरी मुरगळलेली आहे, आणि ती सरळ करून घेतल्याशिवाय पुढच्या खर्चाला अर्थ नाही.

आता उंचीचा प्रश्न. आपल्या भागातील पांदण रस्ता म्हणजे गाडीच्या चाकांनी पडलेल्या दोन खोल चाकोऱ्या आणि मधला उंचवटा. अशा रस्त्यावर उंचीइतकेच महत्त्व दोन चाकांमधील अंतराला असते. बोलेरोची चाके ज्या चाकोरीतून जातात, तिच्यातूनच ट्रेलरची चाके गेली पाहिजेत. ट्रेलर अरुंद असेल तर त्याचे एक चाक मधल्या उंचवट्यावर चढते आणि सगळा भार दुसऱ्या बाजूला कलतो. म्हणून अ‍ॅक्सल बदलावा लागत असेल तर तो बोलेरोच्या चाकांच्या अंतराचा करून घ्यावा आणि हबही असे निवडावेत की बोलेरोचेच चाक त्यांवर बसेल. मग एकच स्टेपनी दोघांना चालते. गावापासून १५ किलोमीटरवर पंक्चर झाल्यावर या निर्णयाची किंमत कळते.

आपल्या ट्रेलरमध्ये पाटे अ‍ॅक्सलच्या खालून गेलेले असतील, तर ते वरून घेतल्याने साधारण ३ ते ४ इंच उंची मिळते, आणि मोठ्या चाकांची थोडी भर पडते. एवढी उंची पुरेशी आहे. फूटभर उचललेला ट्रेलर उतारावर आडवा चालताना कलंडण्याचा धोका असतो. पाटे वर घेताना अ‍ॅक्सल उलटा करू नये, ही गोष्ट वेल्डरला निक्षून सांगावी. अनेक अ‍ॅक्सलना मध्यभागी वरच्या दिशेने किंचित बाक दिलेला असतो आणि भार पडल्यावर तो सरळ होतो. असा अ‍ॅक्सल उलटा बसवला की चाके वाकडी चालतात आणि टायर एका कडेने झिजतात. अ‍ॅक्सल आहे तसाच ठेवून पाट्यांच्या बैठका तेवढ्या वरच्या बाजूला नव्याने वेल्ड कराव्यात.

मडगार्ड आणि टायर यांच्यात किमान ४ बोटे मोकळी जागा असावी. काळी माती ओली झाली की टायरवर थरावर थर चढवते, तो चिखल मडगार्डमध्ये ठासून बसतो आणि चाक फिरायचे थांबते. नटबोल्टवर निघणारे मडगार्ड त्याहूनही सोयीचे.

बेअरिंग चांगले दिसले तरी नवेच टाकावे. चाक हाताने फिरवत नट आवळावा, मग सैल करून बोटांनी बसेल इतकाच ठेवावा आणि नवी स्प्लिट पिन घालावी. पहिल्या प्रवासात ३० किलोमीटरवर थांबून दोन्ही हबजवळ हाताची पाठ न्यावी. एक हब दुसऱ्यापेक्षा जास्त तापला असेल तर त्यात ग्रीस कमी आहे किंवा नट जास्त आवळला गेला आहे. ओढा ओलांडण्यापूर्वीही १५ मिनिटे थांबावे. तापलेला हब थंड पाण्यात बुडाला की आतील हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढून घेते. घाई करून मी असाच एक नाला ओलांडला होता. महिन्याभराने हब उघडला तेव्हा ग्रीस ताकासारखे पांढरे झाले होते आणि बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे ठिपके पडले होते.

वजनाचा हिशेब कागदावर करावा आणि काट्यावर पडताळावा. सामानासह ट्रेलर जवळच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर नेऊन एकूण वजन घ्यावे. त्याच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या दांड्यावर आला पाहिजे. म्हणजे एकूण ६०० किलो भरले तर दांड्यावर ६० ते ९० किलो. ट्रेलर सपाट जागी उभा करून चाके सरकू नयेत म्हणून त्यांना दगडाची उटी लावावी आणि दांडा घरच्या काट्यावर टेकवून हा भार मोजावा. दांडा हलका राहिला तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झोके घेतो, आणि जीप त्याच्या मागे ओढली जाते. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, त्यामुळे टाकी अ‍ॅक्सलच्या किंचित पुढे आणि शक्य तितकी खाली बसवावी. दांड्याखाली दोन साखळ्या एकमेकींना छेदून बांधाव्यात. हुक निसटला तर दांडा जमिनीत न रुतता त्यांच्या झोळीत पडतो.

प्रश्न : आमच्याही जुन्या ट्रेलरचा तंबू विरला आहे. त्यावर प्लॅस्टिकची ताडपत्री शिवून घ्यावी का? स्वस्त पडते.
— वाचक, वरोरा, जि. चंद्रपूर

उत्तर : छतावर आच्छादन म्हणून ताडपत्री अवश्य वापरावी, तंबूच्या भिंतींसाठी नको. तिच्यातून हवा जात नाही, त्यामुळे हिवाळ्याच्या रात्री श्वासाची वाफ आतून थेंबांनी ओघळते आणि पहाटे अंथरूण ओले होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो; त्या उन्हात स्वस्त ताडपत्री फार दिवस टिकतही नाही.

कॅनव्हास सुती घ्यावा. जुना तंबू फेकू नये: शिवण उसवून त्याचे तुकडे सुटे करावेत, इस्त्री करून त्यांवर खडूने खुणा कराव्यात, आणि ट्रकचे हूड किंवा मंडपाचे कापड शिवणाऱ्या कारागिराकडे तेच माप म्हणून न्यावेत. नवा तंबू वापरण्यापूर्वी अंगणात उभा करून नळीने पूर्ण भिजवावा व वाळवावा, आणि हे दोन-तीन वेळा करावे. पाण्याने सुती धागा फुगतो आणि सुईची भोके बुजतात. पहिल्या भिजवणीत शिवणीतून पाणी झिरपले म्हणून कारागिराशी वाद घालू नये. ओला तंबू घडी करून ठेवावा लागला तर घरी पोहोचताच उघडून वाळवावा, नाही तर दोन-तीन दिवसांत त्याला बुरशीचे काळे डाग पडू लागतात.

पलंगाखालचे प्लायवूड आयएस ७१० या मानकाचे, म्हणजे पाण्यात टिकणारे, घ्यावे आणि कापलेल्या कडांना रंगाचे दोन हात द्यावेत, कारण पाणी आधी कडेतूनच शिरते.

प्रश्न : ट्रेलरला ब्रेक नाहीत. चिखलदऱ्याच्या घाटात न्यावा का? आणि मेळघाटच्या जंगलात मुक्काम करता येईल का?
— वाचक, परतवाडा, जि. अमरावती

उत्तर : ब्रेक नसलेला भरलेला ट्रेलर घाटात नेऊ नये. उतारावर तो मागून जीपला ढकलत राहतो, आणि वळणावर ब्रेक दाबला की तिचा मागचा भाग बाजूला सारतो. दांड्याला बसवायचे दाबब्रेक मिळतात, त्यांत जीप मंदावताच ट्रेलरचाच रेटा त्याचे ब्रेक लावतो. ते बसवून, आधी सपाट रस्त्यावर चाचणी घेऊन मगच घाट चढावा आणि उतरताना खालचा गिअर सोडू नये.

मेळघाट हा १९७३ मध्ये सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पातील पहिल्या ९ क्षेत्रांपैकी एक आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात परवान्याशिवाय प्रवेशच करता येत नाही, मग तंबू टाकण्याचा प्रश्न येत नाही. जंगलात राहायचे असेल तर सेमाडोह किंवा कोलकास येथील वन विभागाच्या निवासाची नोंदणी करावी. ट्रेलर जंगलाबाहेर, ओळखीच्या शेतकऱ्याच्या शेतात त्याच्या संमतीने उभा करावा; रब्बीचे पीक उभे असेल तर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, आणि रात्री रानडुकरांसाठी तारेत वीज सोडलेली नाही ना, हे अंधार पडण्यापूर्वी त्याला विचारून घ्यावे.

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलरचीही नोंदणी लागते, आणि कलम ५२ मुळे नोंदणीतील तपशिलाशी विसंगत असा बदल परस्पर करता येत नाही. त्यामुळे अ‍ॅक्सल किंवा उंची बदलण्यापूर्वी, म्हणजे वेल्डिंगची पहिली ठिणगी उडण्याआधीच, कागदपत्रे घेऊन परिवहन कार्यालयात जाऊन यावे.