तान्ह्याला घेऊन तंबूत: आधी जमिनीचं बघ

पहिल्यांदाच बाळाला घेऊन राधानगरीकडं तंबूत राहणार आहेस ना, मग आधी खालच्या जमिनीचं बघ. डिसेंबरात धरणाच्या काठाला रात्री चांगलंच दव पडतं आणि गारठा खालून चढतो. फोमची चटई टाक, तिच्यावर आपली घोंगडी, तिच्यावर ताणून खोचलेली सुती चादर. घोंगडी मात्र खालीच. बाळाच्या अंगावर दुलई, शाल असलं सुटं काही नको, झोपेत तोंडावर येतं. आत सुती झबलं, वर लोकरीचं, पायमोजे आणि बाळाच्या मापाची, बिनबाह्यांची स्लीपिंग बॅग. उताणंच झोपव, तुमच्या बॅगेत घेऊ नकोस.

हात गार लागले म्हणून घाबरू नको गं. मानेमागं बोटं घालून बघ. ऊबदार, कोरडी लागली की झालं. घामेजली असेल तर लगेच एक थर उतरव, जास्त ऊबही बाळाला घातकच.

आणि हात जोडून सांगते, शेगडी किंवा निखारे तंबूत नेऊ नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईड या विषारी वायूला वास नसतो, झोपेत कळतसुद्धा नाही.

छाती-पोट गार लागलं, बाळ मलूल झालं, दूध ओढेना, तर उजाडायची वाट बघू नका. उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घे आणि सरळ जवळचा दवाखाना गाठा.