केमोनंतर आईचा कॅन्सर परत आला, कॅन्सर स्टेम सेलवरचं औषध आता मिळेल का?

बहुतेक कॅन्सरसाठी अजून नाही, नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये (पेशंटवरच्या चाचणीत) जागा मिळतेय का ते मात्र आईच्या ऑन्कॉलॉजिस्टना नक्की विचारा. केमो भराभर वाढणाऱ्या पेशींना गाठते, पण कॅन्सर स्टेम सेल, म्हणजे गाठ पुन्हा उभी करू शकणाऱ्या मोजक्या पेशी, बऱ्याचदा सुस्त पडून राहतात, वर त्यांच्यात औषध बाहेर फेकणारे पंप असतात, म्हणून त्या वाचतात आणि गाठ परत येते असं मानतात. ह्या पेशींवरच्या नापाबुकासिन औषधाकडून केवढी आशा होती, पण आतड्याच्या कॅन्सरच्या फेज ३ ट्रायलमध्ये पेशंटचं आयुष्य काही वाढलं नाही. अपवाद म्हणाल तर ग्लासडेगिब हे औषध, २०१८ ला अमेरिकेत मंजूर झालं, पण ते फक्त एएमएल ल्युकेमियाला (रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार), ७५ च्या पुढचे किंवा जोरदार केमो न झेपणारे पेशंट, आणि तेही कमी डोसच्या केमोसोबतच. आणि हो, 'स्टेम सेल थेरपी' म्हणून जे विकतात ती वेगळीच भानगड आहे, त्यात पैसे घालू नका.