जुन्या ब्रँडेड डेस्कटॉपचा एसएमपीएस बदलताना वॅट शेवटी पाहावेत

तुमचा प्रश्न मी असा समजलो आहे: डेल ऑप्टिप्लेक्स ९०२० हा मिनी टॉवर तुम्ही सेकंडहँड घेतला आहे, त्यात आय-५ ४५९० प्रोसेसर आणि २९० वॅटचा मूळ एसएमपीएस (भिंतीतली वीज संगणकाच्या भागांना लागणाऱ्या कमी व्होल्टेजमध्ये बदलून देणारा डबा) आहे, तुम्हाला ग्राफिक्स कार्ड बसवायचे आहे, आणि दुकानदाराने त्यासाठी ‘५०० वॅट’ छापलेला एक स्वस्त एसएमपीएस सुचवला आहे. तो चालेल का?

तो आहे तसा जोडताच येणार नाही, आणि जोडण्याची सोय झाली तरी लेबल नीट वाचल्याशिवाय घेऊ नये. बहुतेक जण वॅटच्या आकड्यापासून सुरुवात करतात. ब्रँडेड मशीनच्या बाबतीत हा क्रम उलटा ठेवावा लागतो. आधी कनेक्टर, मग आकार, आणि वॅट त्यानंतर.

बाजारात सुटा मिळणारा एटीएक्स, म्हणजे प्रमाणित आकाराचा, एसएमपीएस मदरबोर्डला (सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात त्या मुख्य बोर्डला) २४ पिनांच्या कनेक्टरने वीज देतो. तुमच्या ९०२० च्या बोर्डवर त्या जागी डेलचा स्वतःचा ८ पिनांचा कनेक्टर आहे, प्रोसेसरसाठीचा ४ पिनांचा कनेक्टर वेगळा आहे, आणि हार्ड डिस्कला लागणारी वीज बोर्ड स्वतःच १२ व्होल्टपासून तयार करून पुरवतो. त्यामुळे नवा एसएमपीएस घेतला तर सोबत २४ पिनांवरून ८ पिनांवर आणणारी कन्व्हर्टर केबल घ्यावीच लागेल. ही केबल मागताना नुसते ‘डेलची द्या’ असे म्हणू नका, मॉडेल क्रमांक सांगा. कारण त्यानंतरच्या ३०४० आणि ७०४० या ऑप्टिप्लेक्समध्ये ६ पिनांचा कनेक्टर आहे, एचपी आणि लेनोव्होच्या मशीनमध्ये आणखी वेगळे प्रकार आहेत, आणि पिनांची संख्या जुळली म्हणून त्यांतले व्होल्टेजही जुळतेच असे नाही. जोर लावून बसणारी केबल ही चुकीची केबल समजावी.

आकाराच्या बाबतीत तुमचे नशीब चांगले आहे. मिनी टॉवरमध्ये नेहमीचा एटीएक्स आकार, म्हणजे १५० मिलिमीटर रुंद आणि ८६ मिलिमीटर उंच, बसतो. खोली मात्र मोजून घ्या, कारण ती १४० मिलिमीटरपासून पुढे कितीही असू शकते आणि या कॅबिनेटमध्ये केबल कोंबायला फारशी जागा नसते. हेच मशीन स्मॉल फॉर्म फॅक्टर, म्हणजे छोट्या सडपातळ कॅबिनेटचे, असते तर मी एसएमपीएस बदलण्याचा विचार सोडून द्या असेच सांगितले असते.

आता वॅट. एसएमपीएसच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बाजूला ठेवा आणि अंगावरच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहा. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ही दोन्ही मोठी गिऱ्हाइके १२ व्होल्टवरच जगतात. तिथे १६ अँपिअर लिहिले असतील तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅटच कामाचे, मग खोक्यावर ५०० लिहा की ७००. चांगल्या कंपनीच्या ४५० वॅटच्या एसएमपीएसमध्ये एकट्या १२ व्होल्टवर ३५ अँपिअरच्या आसपास मिळतात, म्हणजे छापील वॅटपैकी जवळजवळ सगळे. किमतीतला फरक प्रामुख्याने इथून येतो, चमकणाऱ्या पंख्यातून नव्हे.

तुमच्या मशीनचा हिशेब कार्डावर ठरेल. जीटीएक्स १६५० घेणार असाल, तर हे कार्ड ७५ वॅटचे आहे आणि ते बोर्डवर ज्यात बसते तो पीसीआय एक्सप्रेस स्लॉटही तेवढीच वीज देऊ शकतो. म्हणून त्याचे वेगळी वीजकेबल न लागणारे मॉडेल निवडा. प्रोसेसरचे ८४, कार्डाचे ७५ आणि बाकी सगळ्याचे चाळीसएक धरले तरी २०० वॅटच्या आसपास बेरीज होते, आणि मूळचा २९० वॅटचा एसएमपीएस सुस्थितीत असेल तर तो पुरतो. अशा वेळी तो बदलूच नका. चांगला मूळ भाग काढून त्या जागी संशयास्पद भाग घालणे हा तोट्याचाच व्यवहार आहे. आरएक्स ६६०० सारखे १३२ वॅटचे कार्ड घेणार असाल, तर त्याला ८ पिनांची वेगळी केबल लागते, बेरीज २६० ते २७० वॅटवर जाते, क्षणिक उसळ्या त्याहून वर जातात, आणि तिथे ४५० ते ५५० वॅटचा, ‘८० प्लस ब्राँझ’ किंवा त्याहून वरच्या कार्यक्षमता प्रमाणपत्राचा एसएमपीएस योग्य ठरतो. जास्त वॅटचा घेतल्याने बोर्ड जळेल ही भीती मात्र निराधार आहे. संगणक लागेल तेवढीच वीज ओढतो.

कार्डाची ८ पिनांची केबल नसली की दुकानात एक जुगाड हमखास सुचवला जातो: साटा कनेक्टरवरून (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या कनेक्टरवरून) ग्राफिक्स कार्डाला वीज देणारा कन्व्हर्टर. तो घेऊ नका. साटाच्या वीज कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअर, म्हणजे एकूण ५४ वॅट. कार्डाचा ६ पिनांचा कनेक्टर ७५ वॅट आणि ८ पिनांचा १५० वॅट मागू शकतो. प्लास्टिक वितळल्याची छायाचित्रे आपण पाहतो त्यांतली बरीच अशा जोडण्यांची असतात. त्याचप्रमाणे मॉड्युलर, म्हणजे केबल काढता-घालता येणारा, एसएमपीएस घेतलात तर त्याच्या सोबत आलेल्याच केबल वापरा. एसएमपीएसच्या बाजूच्या टोकाला पिनांचा क्रम कसा असावा याचे कोणतेही सर्वमान्य मानक नाही, त्यामुळे दुसऱ्या कंपनीची केबल खटकन बसू शकते आणि हार्ड डिस्कच्या ५ व्होल्टच्या पिनेवर १२ व्होल्ट पोहोचवू शकते.

यूपीएसचा, म्हणजे वीज गेल्यावर बॅटरीवर संगणक चालू ठेवणाऱ्या उपकरणाचा, विचार सहसा कोणी करत नाही, म्हणून लिहितो. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. संगणक आत २७० वॅट वापरत असेल आणि एसएमपीएसची कार्यक्षमता ८५ टक्के असेल, तर भिंतीतून ३१८ वॅट ओढले जातात. त्यात मॉनिटर मिळवला की यूपीएस काठावर येतो, आणि खेळ चालू असताना वीज गेली तर तो ओव्हरलोडची शिट्टी वाजवून बंद पडू शकतो. मोठे कार्ड घेणार असाल तर एक हजार व्हीएचा यूपीएस बजेटमध्ये धरा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तो दोष बहुधा एसएमपीएसचा नसून सॉकेटला अर्थिंग नसल्याचा असतो. एसएमपीएस बदलून त्या जाणार नाहीत, इलेक्ट्रिशियनला बोलवावे लागेल.

शेवटी, स्वस्त किंवा जुन्या साठ्यातला एसएमपीएस हातात आलाच तर मागे ११५ आणि २३० असे लिहिलेला छोटा लाल स्विच आहे का ते प्लग लावण्याआधी पाहा. तो ११५ वर असताना आपल्या २३० व्होल्टवर लावलेला एसएमपीएस मोठा आवाज करून तिथेच संपतो. कोणते कार्ड ठरले आणि सुचवलेल्या एसएमपीएसच्या लेबलवर १२ व्होल्टला किती अँपिअर आहेत एवढे कळवा, म्हणजे पुढचे नेमके सांगता येईल.